पाणी पिणारा कलश

१

आरती संपून पेढ्यांचा डबा फिरू लागला होता, तेवढ्यात आतल्या खोलीतून मनाली गुळवणी धावत बाहेर आली.

"करंडक नाहीये! टेबलावर नाही, कपाटात नाही, कुठ्ठंच नाही!"

मनाली म्हणजे सरनोबत वस्तुसंग्रहालयाची अभिरक्षक. पुण्यात शिकून आलेली, आवाज कधी न चढवणारी. ती ओरडली म्हणजे प्रकरण साधं नाही, हे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या दालनात जमलेल्या सगळ्यांनी ओळखलं. पेढ्यांचा डबा जिथल्या तिथं थांबला.

२००३ सालची खंडेनवमी होती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, संग्रहालयाच्या नव्या पडद्याचं उद्घाटन व्हायचं होतं. बोट लावलं की चालणारा पडदा. काचेआडची वस्तू त्यावर मोठी करून, आतून-बाहेरून बघायची सोय. तीच चित्रं पुढं सीडीवर घालून राधानगरीपासून कुरुंदवाडपर्यंतच्या शाळांना वाटायची होती, म्हणजे ज्यांना कोल्हापूरला येणं जमत नाही त्यांनाही आपला ठेवा बघता यावा. ट्रस्टचे अध्यक्ष बाळासो सरनोबत कधीपासून भेटेल त्याला हे ऐकवत होते. संगणक चालू कसा करतात हे त्यांना विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

आणि या सगळ्यात मानाचं पान होतं त्या करंडकाचं. राधानगरीकडच्या एका शेतात नांगराच्या फाळाला लागलेलं तांब्याचं झाकणदार भांडं. काळपट हिरवं, मातकट, टाकून द्यावंसं वाटेल असं. फार जुन्या काळी बौद्ध भिक्षूंनी अस्थी ठेवायला ते वापरलं असावं, असं मनालीचं मत होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला शाईनं लिहिलेली पुसट अक्षरं होती, आणि ती अजून कुणाला वाचता आली नव्हती.

हातातला पेढा तसाच तोंडात टाकून आकाराम खोराटे उठले. हे कागलचे, निवृत्त फौजदार. बाळासोंची आणि त्यांची दोस्ती तालमीतली. म्हणूनच आजच्या पूजेचा मान त्यांना मिळाला होता. तलवारी, कट्यारी, कॅमेरा आणि संगणक अशी सगळी हत्यारं झेंडूच्या माळा घालून मांडली होती. आकारामांनी बशीतलं कुंकू चिमटीनं उचलून एकेका हत्याराला लावलं, कलशाला लावलं, स्वतःच्या कपाळाला लावलं आणि बशी बाकीच्यांपुढं सरकवली. मग नारळ असा काही जोरात फोडला की निम्मं पाणी संगणकाच्या डब्यात गेलं. संगणक एकदाच चर्र करून गप्प बसला. "वाळंल की," म्हणून बाळासोंनी विषय मिटवला होता.

आता तेच बाळासो आकारामांच्या कानाशी आले. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"आकाराम, पोलीस नको. उद्या पाव्हणं यायचं हाईत. तूच बघ काय ते. आनि आधी त्या शिंग्याची पिशवी बघ."

२

नागसेन शिंगे कुरुंदवाडचा. संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढायचे, ते संगणकात घालायचे, पडद्यावर आणायचे, हे सगळं काम त्याचं. पूजेला तो एकटाच बाहेर आला नव्हता. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून आमच्यात पूजा करत नाहीत, मी आत याद्या लिहीत बसतो, असं त्यानं आधीच मनालीला सांगितलं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

"समदी हितं, ह्यो एकटाच आत," बाळासो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आनि करंडक बी आतच हुता. आता काय सांगायचं?"

आकारामांनी नागसेनची पिशवी घेतली आणि दालनाच्या मधोमध फरशीवर उपडी केली. नोकरीत अशा किती पिशव्या उपड्या केल्या असतील. हाताला सवय होती, डोक्याला विचारावं लागलं नाही. एक छत्री पडली. जेवणाचा डबा पडला, त्याचं झाकण उघडलं आणि भाकरीबरोबरचा खर्डा फरशीवर सांडला. शेवटी एक सीडी घरंगळत गेली.

"हे काय?"

"सगळ्या फोटोंची दुसरी प्रत आहे, साहेब," नागसेन म्हणाला. "संगणक बिघडला तर एवढं काम पाण्यात जाईल, म्हणून ही एकच प्रत रोज घरी नेतो-आणतो. मॅडमना माहीत आहे."

मनालीनं मान हलवली, पण इतकी हळू की बघणाऱ्यालाच दिसावी.

"बघा!" बाळासो गरजले. "आख्खं संग्रहालय पिशवीत घालून चालला हुता गडी!"

दोघं-तिघं हसले. आकारामांनी सीडी उचलून अंगठ्यानं इकडून तिकडं फिरवली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. करंडक पिशवीत नव्हता. मावलाच नसता, डबा आणि छत्री गेल्यावर तिथं जागाच कुठं होती? ते त्यांना लगेच दिसलं. दिसलं, पण ते मोठ्यानं बोलले नाहीत.

नागसेननं खाली बसून खर्डा कागदानं गोळा केला. मग उभं राहून त्यानं शांतपणे विचारलं, "आता बाकीच्यांच्या पिशव्या बघणार ना, साहेब?"

सगळ्यांनी आपापल्या पिशव्यांकडं बघितलं.

"ती घरची मानसं हाईत," बाळासो म्हणाले.

आकाराम खोराट्यांनी रिकामी पिशवी नागसेनच्या हातात दिली आणि दुसऱ्या कुणाच्या पिशवीला हात लावला नाही.

३

तरी तपास करायचा तो करायचाच. आकारामांनी एकेकाला बाजूला घेतलं.

मनाली रडवेली झाली होती. "काल संध्याकाळी करंडक मीच फोटोच्या टेबलावर काढून ठेवला, काका. झाकणाच्या आतले फोटो झालेत, पण नागसेनला ते आणखी जवळून घ्यायचे होते. खोलीला कुलूप लावलं आणि आम्ही बरोबरच बाहेर पडलो. सकाळी टेबल रिकामं दिसलं तेव्हा मला वाटलं, त्यानं आधी येऊन, काम उरकून कपाटात ठेवला असेल."

"किल्ल्या कुणाकडं?"

"एक केरबाकडं, एक बाळासोकाकांकडं."

केरबा शिपाई परसात हात धूत होता. त्याच्या बोटांना चिंचेचा आंबूस वास येत होता.

"सकाळी आत कोण कोण गेलतं?"

"म्या न्हाय बघितलं, सायब. मालकांनी पूजंची भांडी आनून दिली, ती घासत बसलोतो. समई, ताम्हन, पळी, कलश. चिंच लावून लावून हात आंबलं. एकेक भांडं असलं काळं पडलेलं, की बास! मालक म्हनलं, उद्या जग बघनार हाय, समदं लखलखीत पायजे."

"मग पूजा आवरायला घे आता."

"दरसाली सांजच्यालाच आवरतो की. औंदा मालक म्हनलं, उद्यापतूर हात लावू नगं."

बाळासो दालनात कलशाजवळच खुर्ची टाकून बसले होते. पेढ्यांचा डबा समोर होता आणि त्यांनी त्यातला एकही उचलला नव्हता. आकाराम त्यांना ओळखत होते. तालमीत हा माणूस दुसऱ्याच्या वाटणीचं दूधही सोडत नसे.

"तू सकाळी फोटोच्या खोलीत गेलतास?"

"मी कशाला जातोय? भांडी तर कोठीत असत्यात."

"सहज विचारलं."

नागसेन पायरीवर उभा होता. बाळासोंनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं, पण तो फौजदारांनी बोलवायची वाट बघत थांबला होता.

"मी आलो तेव्हा टेबल रिकामं होतं. वाटलं, मॅडमनी आत ठेवला."

"दिसायला कसा होता? नीट सांग."

पहिल्यांदाच नागसेनचा चेहरा जरा उजळला. "पोट गोल, गळा आखूड. झाकण उलटं ठेवलं की अगदी बशी. आणि बुडाला एक बारीक भोक आहे. आत बॅटरी धरून फोटो काढताना टेबलावर उजेडाचा ठिपका पडला, तेव्हा समजलं." त्यानं आकारामांच्या खिशाकडं बघितलं. "साहेब, ती सीडी जपा. बोटं लावू नका. ओरखडा पडला की फोटो उघडत नाहीत."

"मला शिकवतोस?" आकाराम म्हणाले, आणि म्हटल्या म्हटल्या त्यांना स्वतःचाच आवाज आवडला नाही. नागसेन काही न बोलता छत्री घेऊन एसटी स्टँडच्या वाटेला लागला.

४

दसऱ्याच्या सकाळी आकाराम आले तर संग्रहालयासमोर ही गर्दी. पडदा बघायला नव्हे. पेठेतल्या बाया ताटं घेऊन उभ्या होत्या आणि केरबा दारात उभा राहून सांगत होता, "कलश पानी पितोय! काल काटोकाट भरलावता, सकाळी बघतो तर रिकामा. फिरून भरला, फिरून गडप! देवीच पावली म्हनायची!"

विठाबाई नावाच्या एका म्हातारीनं कलशापुढं लोटांगण घातलं. आकारामांनीही सवयीनं हात जोडले.

मनाली त्यांना आत घेऊन गेली. ती रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. "काका, संगणक दुरुस्त करणारा येऊन गेला. नारळाच्या पाण्यानं आतली डिस्क गेली म्हणाला. पडद्यात फोटो आजच घालायचे होते. आता जे काही शिल्लक आहे ते त्या सीडीवर. तुमच्याकडच्या."

आकारामांनी खिसा चाचपला. कालचाच सदरा होता. सीडी होती, घराच्या किल्ल्यांना खेटून.

नारळ फोडला होता आपण. आणि त्या पोराचं सगळं काम ज्या एका चकतीवर उरलं होतं, ती त्याच्याच पिशवीतून चोरीचा माल म्हणून काढून घेतली होती, तीही आपणच. आकारामांचे कान गरम झाले. वरिष्ठांच्या शिव्या त्यांनी नोकरीत पुष्कळ खाल्ल्या होत्या, पण असं मान वर होईना असं कधी झालं नव्हतं.

खाली बघत ते दालनात परत आले, आणि खाली बघत होते म्हणूनच त्यांना ते दिसलं. कलशाखालचा तांदूळ फुगला होता. पाटावरून पाण्याची बारीक धार निघून फरशीवर थारोळं झालं होतं.

कलश पाणी पीत नव्हता. कलश गळत होता.

टेबलावर पडलेला उजेडाचा ठिपका त्यांना आठवला. पोट गोल, गळा आखूड. त्यांनी कलशाकडं बघितलं. चिंचेनं घासून तो नव्या नवरीच्या दागिन्यासारखा झळकत होता.

मग त्यांची नजर शेजारच्या कुंकवाच्या बशीवर गेली. झाकण उलटं ठेवलं की अगदी बशी.

५

आकारामांनी बाया बाहेर काढल्या, दार लोटलं. आत बाळासो, मनाली आणि केरबा राहिले.

"सायब, हलवू नगा! पाप लागंल!" केरबा कळवळला.

"लागायचं ते लागलंय." आकारामांनी नारळ आणि पानं काढून बाजूला ठेवली आणि कलश उचलून धरला. बुडातून थेंब थेंब पाणी पडू लागलं. मनालीनं तोंडावर हात दाबला.

"केरबा, ही भांडी तुला कुणी दिली?"

"मालकांनी. हे तर पार हिरवंगार हुतं, बगा. किती येळ घासलं म्हनून सांगू."

"काल करंडक गेला म्हणून एवढा गलका झाला, तेव्हा तुला हे आठवलं नाही?"

"करंडक?" केरबा भाबडेपणानं म्हणाला. "ह्यो तर कलश हाय की, सायब!"

आकाराम बाळासोंकडं वळले. "भांडी कोठीत असतात म्हणालास. हे कोठीतलं नव्हतं. तुझ्याकडं किल्ली होती. फोटोच्या टेबलावर तांब्याचं बरं भांडं दिसलं, कलशाला चाललं असतं, उचललंस. पटकन केरबाला दिलंस. तिथवर चूक म्हणतो मी. पण मनाली ओरडली तेव्हा तुझा रंग उडाला. दरसाल संध्याकाळी आवरणारी पूजा तू रात्रभर ठेवायला लावलीस. कलशाजवळची खुर्ची सोडली नाहीस, पेढा खाल्ला नाहीस. तुला तेव्हाच कळलेलं होतं."

बाळासो खुर्चीत बसलेले होते, ते आणखी खाली गेले.

"मला कुठं ठावं हुतं आकाराम, ते ह्येच भांडं म्हनून? काल ह्या पोरीनं आरडावरडा केला तवा ध्यानात आलं. आता एवढ्या लोकांत कसं सांगायचं? संग्रहालयाचा अध्यक्ष, आनि हजार वर्षांचा ठेवा चिंचंनं घासून घेतला? जगानं थुंकायचं तोंडावर?"

"म्हणून त्या पोराच्या तोंडावर थुंकायला लावलंस."

"झाकण कुठंय?" मनालीनं विचारलं. "भांडं गेलं तर गेलं. अक्षरं झाकणात होती."

आकारामांनी कुंकवाची बशी उचलली. कुंकू एका ताटात ओतलं आणि बशी उजेडाकडं धरली. केरबानं ती बाहेरूनच घासली होती; आतून ती लालभडक झाली होती. चिमटी भरायला पूजेतल्या प्रत्येकानं बोटं घालून घालून मधला भाग गुळगुळीत केला होता. कडेला शाईची एक काळसर रेघ तेवढी उरली होती.

पहिली चिमूट कुणी उचलली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. आकारामांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. अंगठ्याच्या रेषांमध्ये कालचं कुंकू अजून तसंच होतं. काल त्या दालनात एकच माणूस असा होता ज्याचं बोट या बशीत गेलं नव्हतं, आणि सगळ्यांनी मिळून चोर ठरवलं होतं ते त्यालाच.

"हे चौघांतच राहू दे," बाळासो हात जोडून म्हणाले. "त्या पोराला मी घरी जाऊन सांगतो. कामावर घेतो. पाव्हणं दारात हाईत रं."

दारावर कुणीतरी जोरजोरात थाप मारली.

६

बाहेर एक सावळी, उंच बाई उभी होती. पांढरं पातळ, पायात धुळीनं भरलेल्या चपला. मागं नागसेन होता. त्याला यायचं नव्हतं हे दिसतच होतं.

"मी अंजना शिंगे, कुरुंदवाडची. माज्या पोराची झडती कुनी घेतली?"

"मी," आकाराम म्हणाले.

"मग सांगा, काय गावलं?"

आकारामांनी दार पूर्ण उघडलं. पाहुणे, पेठेतली माणसं, ताटं घेतलेल्या बाया, सगळ्यांना आत घेतलं. उद्घाटनाचा ध्वनिक्षेपक तयार होता. बाळासोंनी डोळ्यांनी विनवलं, पण आकाराम तिकडं बघत नव्हते.

"काल याच फरशीवर मी नागसेन शिंगेची पिशवी उपडी केली," ते म्हणाले. ध्वनिक्षेपकातून स्वतःचा आवाज ऐकून ते दचकले, पण थांबले नाहीत. "सगळ्यांसमोर केली, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चोरी झालीच नव्हती. करंडक आमच्याच हातनं घासला गेला आणि आम्हीच त्याची पूजा केली. झाकणावरची अक्षरं आमच्या बोटांनी पुसली, त्यात पहिलं बोट माझं. संगणकात पाणी घातलं तेही मीच. नागसेन रोज प्रत घरी नेत होता म्हणून ती अक्षरं आज जगात कुठंतरी शिल्लक आहेत. मला लाज वाटते."

कुणी टाळी वाजवली नाही. बाळासो उठले. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

आकारामांनी खिशातून सीडी काढली आणि दोन्ही हातांनी नागसेनपुढं धरली. नागसेननं ती कडेनं धरून उजेडात तिरकी केली. चकचकीत बाजूवर एक लाल ठसा उमटला होता. उजव्या अंगठ्याचा, रेष न् रेष मोजावी असा. सगळ्या नोकरीत इतका स्वच्छ ठसा आकारामांना कधी मिळाला नव्हता.

"साहेब," नागसेन हळूच म्हणाला, "सगळ्यांच्या पिशव्या बघितल्या असत्या तर मला काही वाटलं नसतं. माझी एकट्याचीच का?"

बाळासोनं सांगितलं म्हणून, हे उत्तर आकारामांच्या जिभेवर आलं होतं. ते अर्धंच होतं. अंजनाबाई त्यांच्याकडं बघत उभ्या होत्या.

"त्यानं नाव घेतलं आणि मला पटलं," ते म्हणाले. "का पटलं, हे मी स्वतःला विचारलंसुद्धा नाही."

नागसेननं मान डोलावली. माफ केलं असंही म्हणाला नाही, नाही असंही म्हणाला नाही. सदऱ्याच्या टोकानं त्यानं ठसा आतून बाहेर, जपून जपून पुसला, सीडी पडद्याच्या डब्यात सरकवली आणि वाट बघत उभा राहिला. डबा बराच वेळ घरघरला. एक ओरखडा होता; काही चित्रं उघडलीच नाहीत. मनालीनं डोळे मिटून घेतले होते.

मग पडद्यावर झाकण आलं. हिरवं, मातकट, न घासलेलं. त्याच्या आत बारीक काळी अक्षरं गोल रांगेत बसली होती.

"आई, बोट लाव," नागसेन म्हणाला.

अंजनाबाईंनी पदराला हात पुसला आणि एक बोट पडद्यावर टेकवलं. अक्षरं मोठी होत होत अख्ख्या पडद्यावर पसरली. त्यांना ती वाचता येत नव्हती. तिथं कुणालाच येत नव्हती. तरी त्या प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवत राहिल्या, आणि एकही अक्षर पुसलं गेलं नाही.

"काका, तुम्हीपण या ना," मनाली म्हणाली. "बोट लावून बघा."

आकाराम खोराट्यांनी हात पाठीमागं घेतले आणि ते लांबूनच बघत उभे राहिले.